अपलोड अडकते तेव्हा: क्यूबिक ठेवावे की बीबीआर लावावे?

घाटंजीकर
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. केंद्रात दोन संगणक उबुंटूवर आणि दोन विंडोजवर चालतात. इंटरनेट गावाबाहेरच्या टॉवरवरून छतावरच्या अँटेनाने येते आणि राउटरवर मी ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्सवर आधारित प्रणाली टाकलेली आहे. शेतकऱ्यांचे सातबारे, आधार कार्डे आणि बँकेची पासबुके स्कॅन करून पोर्टलवर चढवणे हे आमचे मुख्य काम असून खरीप पीकविम्याची मुदत जवळ आली की दिवसभर तेवढेच चालते. अडचण अशी आहे की एका संगणकावरून मोठी फाइल जाऊ लागली की उरलेल्या संगणकांवर साधे लॉगिनचे पानसुद्धा उघडत नाही, ओटीपी टाकेपर्यंत त्याची मुदत उलटते आणि दहा कोसांवरून आलेला माणूस बाकावर ताटकळत बसतो.

पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने लिनक्स कर्नेलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) कंजेशन कंट्रोलची, म्हणजे वाट तुंबू नये म्हणून पाठवण्याचा वेग आवरण्याची, पद्धत क्यूबिकवरून बीबीआरवर न्यावी असे सुचवले आहे. बदल एका ओळीचा आहे, हे मी वाचले. तो आमच्या अडचणीवर लागू पडेल का, त्याने शेजाऱ्यांचे काही बिघडेल का, आणि तो राउटरवरच केला तर चारही संगणकांना त्याचा लाभ होईल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पैनगंगाकाठ
संथपणा नेमका कोणत्या दिशेने आहे? तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या माहितीचा, की बाहेरून येणाऱ्या? हे आधी ठरवा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

सूतगिरणी
पैनगंगाकाठ यांचा प्रश्न मुळाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

टीसीपी या इंटरनेटवर माहिती पोहोचवण्याच्या नियमपद्धतीत माहितीचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेट्स, किती एका वेळी वाटेवर असावीत हे पाठवणारा संगणक ठरवतो; त्या मर्यादेला विंडो म्हणतात. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातील, जेमतेम ४०० यार्डांच्या दुव्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर कोसळला, कारण वाट तुंबलेली असतानाही प्रत्येक संगणक हरवलेली पॅकेट्स पुन्हा पुन्हा ढकलत होता. त्यातून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये कंजेशन कंट्रोलची जी मांडणी केली, तिचा गाभा असा की पॅकेट हरवले म्हणजे वाट तुंबली आहे असे समजून पाठवणाऱ्याने आपली विंडो आखडती घ्यावी आणि मग हळूहळू वाढवावी. रेनो ही त्याच घराण्यातली पद्धत असून पॅकेट हरवताच ती विंडो निम्मी करते.

लिनक्समध्ये २००५ सालच्या २.६.१३ या आवृत्तीपासून ही पद्धत चालत्या कर्नेलमध्ये बदलता येते. २००६ सालच्या २.६.१९ पासून क्यूबिक ही मूळ निवड आहे. क्यूबिक विंडो निम्मी न करता सात दशांशावर आणते आणि नंतरची वाढ शेवटचे पॅकेट हरवल्यापासून किती वेळ गेला त्यावर ठरवते. म्हणून लांबच्या मार्गांवर ती रेनोपेक्षा लवकर सावरते. गूगलने २०१६ मध्ये दिलेली आणि कर्नेलच्या ४.९ आवृत्तीत आलेली बीबीआर वेगळ्या विचारावर उभी आहे. मार्गातील सर्वांत अरुंद जागेचा वेग आणि मार्गाचा कमीत कमी विलंब ती सतत मोजते आणि त्या अंदाजाने पॅकेट्स सोडते. एखादे पॅकेट हरवले म्हणून ती लगेच मागे हटत नाही.

आता घाटंजीकरांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. राउटरवर ही निवड बदलून काहीही साधणार नाही. टीसीपीचे संभाषण तुमचा संगणक आणि पोर्टलचा सर्व्हर या दोन टोकांमध्ये चालते, राउटर मधली पॅकेट्स फक्त पुढे सरकवतो. राउटरवर प्रॉक्सी (मधला मध्यस्थ प्रोग्राम) बसवून जोडण्या तिथे तोडल्या आणि नव्याने उघडल्या, तरच त्याची निवड लागू होईल. मात्र राउटरमधली रांग कशी हाताळायची हा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते तुमचे खरे उत्तर तिथेच आहे.

चांदाकर
मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावातून शाळेसाठी धड्यांच्या चित्रफिती तयार करून ४जी मोडेमवरून चढवतो. बीबीआर लावल्यापासून माझे अपलोड मध्येच खचत नाही, हे मी रोज पाहतो. क्यूबिक असताना वेग करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होत असे. गावाकडच्या बिनतारी जोडण्यांत पॅकेट्स गर्दी नसतानाही हरवतात आणि क्यूबिक त्याला गर्दी समजून विनाकारण माघार घेते. घाटंजीकर भाऊ, प्रतीक्षा न करता करून पाहा. आज्ञा अशा आहेत: प्रथम ‘मॉडप्रोब टीसीपी_बीबीआर’, मग सिस-सीटीएलने (कर्नेलच्या निवडी बदलणाऱ्या आज्ञेने) ‘नेट.आयपीव्ही४.टीसीपी_कंजेशन_कंट्रोल’ या किल्लीची किंमत ‘बीबीआर’ करावी. नावात आयपीव्ही४ असले तरी आयपीव्ही६ च्या जोडण्यांनाही तीच लागू होते.

मेळघाटवासी
चांदाकरांना आलेला अनुभव खरा आहे, पण त्यांनी दिलेले कारण मला पटत नाही. ४जी मध्ये मोबाइल आणि टॉवर यांच्यामध्ये हरवलेली चौकट (रेडिओवरून जाणारा माहितीचा तुकडा) टीसीपीच्या खालच्या थरावरच पुन्हा पाठवली जाते, त्यामुळे टीसीपीला प्रत्यक्ष हरवणे फारसे दिसतच नाही. त्याला दिसतो तो विलंबाचा चढउतार. मोडेममध्ये बफर, म्हणजे पुढे जायची पॅकेट्स थांबतात ती जागा, मोठा असतो आणि क्यूबिक पॅकेट हरवेपर्यंत विंडो वाढवत राहते, म्हणून तो बफर काठोकाठ भरतो. हिशोब साधा आहे: अपलोडचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट असेल आणि बफरमध्ये १ मेगाबाइट साचले असेल, तर त्यामागे आलेल्या प्रत्येक पॅकेटला दोन सेकंद थांबावे लागते. त्यात दुसऱ्या संगणकाच्या लॉगिनचे इवलेसे पॅकेटही आले. बीबीआर वाटेवरची पॅकेट्स मोजलेल्या क्षमतेच्या साधारण दुपटीच्या आत ठेवते आणि तो बफर भरू देत नाही. चांदाकरांना फायदा झाला असेल तो मुख्यतः यामुळे.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण घाटंजीकरांकडे चारपैकी दोन संगणक विंडोजवर आहेत. विंडोजमध्येही आता मूळ निवड क्यूबिकच असते. उबुंटूचे दोन संगणक बीबीआरवर नेले आणि विंडोजवरून एकाने मोठी फाइल चढवायला घेतली, तर बफर पुन्हा तसाच भरेल.

उमरखेडचा_शेतकरी
शेजाऱ्यांबद्दलचा प्रश्न कोणी हातात घेतलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे कालव्याच्या डोक्यावरच्या शेतकऱ्याने दार जास्त उचलले की टोकाच्या शेताला पाणी पोहोचत नाही, आणि टोकावरच्या माणसाला दोष कोणाचा हे दिसतही नाही. बीबीआरच्या पहिल्या आवृत्तीबद्दल संशोधकांनी हेच नोंदवले आहे. अरुंद जागेचा बफर लहान असेल तर बीबीआरची जोडणी क्यूबिकच्या जोडण्यांना मागे सारून आपल्या वाट्यापेक्षा जास्त जागा घेते, कारण पॅकेट्स हरवत असताना क्यूबिक आदराने मागे सरते आणि बीबीआर सरत नाही. गूगलने पुढे दुसरी आणि तिसरी आवृत्ती काढली त्यामागे हे एक मोठे कारण होते. उबुंटूच्या नेहमीच्या कर्नेलमध्ये मिळते ती मात्र पहिलीच.

ज्या टॉवरवरून सेवा केंद्राला इंटरनेट मिळते, त्याच टॉवरवरून आरोग्य उपकेंद्राला आणि शाळेलाही मिळत असणार. आपले काम लवकर उरकावे म्हणून त्यांच्या वाटणीवर हात टाकण्याआधी विचार व्हावा.

चांदाकर
उमरखेडच्या दादांचा मुद्दा मान्य, पण तो सर्वत्र लागू होत नाही. बफर मोठा असेल तर उलटे होते: क्यूबिकच बफर भरून टाकते आणि बीबीआरला दबून राहावे लागते. म्हणून टॉवरच्या बाजूला बफर किती आहे हे कळल्याशिवाय दोघांपैकी कोणालाही आडमुठे ठरवू नये.

गणितशिक्षिका_वाशीम
तो बफर लहान आहे की मोठा, हे घरबसल्या तपासता येते. एका संगणकावरून मोठी फाइल चढवायला लावावी आणि त्याच वेळी दुसऱ्या संगणकावरून बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पिंग करत राहावे, म्हणजे छोटे पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहत राहावे. विलंब आधी भरपूर वाढला आणि नंतर कुठे पॅकेट्स हरवली, तर वाटेत मोठा बफर आहे. विलंब जवळपास स्थिर असतानाच पॅकेट्स हरवू लागली, तर सेवा पुरवणारा ठरवून दिलेल्या वेगाहून जास्तीची पॅकेट्स सरळ टाकून देत आहे. दुसऱ्या स्थितीत बीबीआर फार पॅकेट्स पुन्हा पाठवते आणि डेटाची मर्यादा असेल तर तो भुर्दंड आपल्यालाच पडतो. उबुंटूवर ‘एसएस’ ही आज्ञा ‘-टीआय’ या पर्यायासह चालवली की प्रत्येक जोडणीची पद्धत, विंडो, विलंब आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेट्सची संख्या दिसते.

हरवण्याचा परिणाम किती होतो याचेही एक सूत्र आहे. मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की रेनो पद्धतीचा वेग पॅकेटच्या आकाराच्या सम प्रमाणात आणि विलंब व हरवण्याच्या दराचे वर्गमूळ यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. १४६० बाइटचे पॅकेट आणि १०० मिलिसेकंद विलंब धरला, तर शंभरात एक पॅकेट हरवत असताना एका जोडणीला सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट मिळतात, आणि दहा हजारांत एक हरवत असेल तर सुमारे १४ मेगाबिट. आपल्या छोट्या मार्गांवर क्यूबिकही रेनोच्या जवळपासच वागते, म्हणून हा अंदाज उपयोगी पडतो. महाविद्यालयातल्या मुलींना मी हे तीन जुन्या संगणकांवर दाखवते. मधल्या संगणकावर ‘टीसी’ या लिनक्सच्या आज्ञेतील ‘नेटेम’ने विलंब आणि हरवणे मुद्दाम घालायचे आणि दोन्ही टोकांना ‘आयपर्फ३’ हा वेग मोजणारा प्रोग्राम चालवायचा. नेटेम पाठवणाऱ्याच संगणकावर लावले तर त्याच्या स्वतःच्या रांगांमुळे निकाल फसवे येतात, म्हणून तो मधल्या संगणकावरच असावा.

धारणीचे_गुरुजी
आमच्या शाळेत मुलांना दाखवायच्या चित्रफिती अडखळतात. शाळेच्या लिनक्स संगणकावर बीबीआर लावले तर त्या सुरळीत चालतील का?

पैनगंगाकाठ
गुरुजी, नाही. चित्रफीत पाठवतो तो दूरचा सर्व्हर, म्हणून त्याची निवड चालते. तुमच्या संगणकाकडून जाते ती केवळ पोचपावती. शिवाय अनेक संकेतस्थळे आता क्विकवरून चित्रफिती देतात. क्विक ही टीसीपीऐवजी वापरली जाणारी नवी पद्धत असून ती यूडीपी या साध्या पाठवणीवर चालते आणि त्याचे कंजेशन कंट्रोल कर्नेलच्या टीसीपीत नसून त्या त्या प्रोग्राममध्ये असते, त्यामुळे सिस-सीटीएलचा त्याच्याशी संबंध येत नाही. शक्य असेल तर चित्रफिती आदल्या दिवशी उतरवून ठेवाव्यात.

वरुडकर
याच तत्त्वाची दुसरी बाजू माझ्या कामात दिसते. संत्र्याचे आणि कापसाचे बाजारभाव दाखवणारे एक लहान संकेतस्थळ मी भाड्याच्या सर्व्हरवर चालवतो आणि वाचणारे बहुतेक शेतकरी मोबाइलवरून येतात. इथे पाठवणारा माझा सर्व्हर आहे, म्हणून तिथे निवड बदलली की तिचा परिणाम वाचकांच्या डाउनलोडवर होतो. पण माझी पाने इतकी लहान आहेत की बहुतेक वेळा सारे पान सुरुवातीच्या दहा पॅकेट्सच्या विंडोतच निघून जाते आणि क्यूबिक की बीबीआर हा प्रश्न उद्भवण्याआधीच काम संपते. पानावरची चित्रे कमी करून मला जो फायदा झाला, तो कर्नेलमधल्या कोणत्याही बदलाने झाला नसता. मोठ्या फाइली देणाऱ्यांनी मात्र हा विचार जरूर करावा.

घाटंजीकर
सर्वांचे आभार. गणितशिक्षिका ताईंनी सांगितल्याप्रमाणे तपासून पाहिले. केंद्र बंद झाल्यावर पिंगचा विलंब साठ-सत्तर मिलिसेकंद येतो. एका संगणकावरून स्कॅनची मोठी फाइल चढवायला लावली की तो एका सेकंदाच्या वर जातो आणि तिथेच टिकतो, पण पॅकेट्स क्वचितच हरवतात. ‘एसएस’मध्ये पुन्हा पाठवलेल्या पॅकेट्सची संख्याही अगदी थोडी दिसते. उबुंटूच्या एका संगणकावर बीबीआर लावल्यावर त्याच्या अपलोडच्या वेळी विलंब बराच खाली आला, पण विंडोजवरून अपलोड सुरू करताच पुन्हा पूर्वीसारखा झाला. मेळघाटवासी यांनी लिहिले होते तसेच घडले. आता राउटरवर काय करावे?

सूतगिरणी
तुमच्या मोजणीवरून निदान स्पष्ट आहे. वाटेत मोठा बफर आहे आणि तो तुमच्याच अपलोडने भरतो. ती रांग अँटेनाच्या उपकरणात किंवा त्यापलीकडे असून तुमच्या हातात नाही. म्हणून ती आपल्या राउटरमध्ये आणावी, म्हणजे राउटरने प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा किंचित कमी वेगाने पाठवावे, जेणेकरून साचायचे ते राउटरमध्येच साचेल आणि तिथे ते शिस्तीने हाताळता येईल.

त्यासाठी केक ही रांगपद्धत, म्हणजे थांबलेल्या पॅकेट्सपैकी कोणते कधी सोडायचे हे ठरवणारी पद्धत, वापरा. ती २०१८ पासून, ४.१९ आवृत्तीपासून, मुख्य कर्नेलमध्ये आहे आणि ओपनडब्ल्यूआरटीत एसक्यूएम या पॅकेजमधून लावता येते. अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ऐंशी ते नव्वद टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा. पर्यायांमध्ये ‘नॅट’ आणि ‘ड्युअल-एसआरसीहोस्ट’ हे दोन शब्द अवश्य द्या. पहिल्यामुळे केकला राउटरमागचे खरे संगणक ओळखता येतात आणि दुसऱ्यामुळे अपलोडची वाटणी आधी संगणकांमध्ये समान होते, मग प्रत्येकाच्या जोडण्यांमध्ये. एकाने वीस जोडण्या उघडल्या तरी दुसऱ्याच्या ओटीपीला त्याची झळ लागत नाही.

राउटर फार जुना असून केकचा भार पेलत नसेल, तर त्याच मर्यादेखाली एफक्यू-कोडेल लावा. ही पद्धत २०१२ मध्ये ३.५ आवृत्तीत आली. तिच्यातला कोडेल हा भाग पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते पाहतो आणि थांबणे १०० मिलिसेकंदांच्या अवधीत ५ मिलिसेकंदांच्या खाली उतरलेच नाही तर पॅकेट्स टाकू लागतो. तो इशारा क्यूबिकला समजतो आणि ते मागे सरते. चांगल्या रांगेपुढे क्यूबिक उत्तम वागते, असे माझे ठाम मत आहे. ते बदनाम झाले ते भल्यामोठ्या मुक्या बफरांमुळे.

चांदाकर
मी तरीही बीबीआर पूर्ण बाजूला ठेवू नये म्हणेन. ज्याच्याकडे एकच संगणक आणि मोबाइलचे मोडेम आहे, ज्याचा वेग तासातासाला बदलतो, त्याने केकला कोणता आकडा द्यायचा? माझ्यासारख्याला पाठवणाऱ्यानेच अंदाज घेणे अधिक सोयीचे पडते.

मेळघाटवासी
हा आक्षेप रास्त आहे. धारणीकडे सकाळी जो वेग मिळतो त्याच्या निम्माही संध्याकाळी मिळत नाही. आकडा जास्त ठेवला तर रांग पुन्हा बाहेर जाते आणि कमी ठेवला तर दिवसा क्षमता वाया जाते. पिंगचा विलंब पाहत केकची मर्यादा आपोआप वर-खाली करणारी केक-ऑटोरेट ही स्क्रिप्ट ओपनडब्ल्यूआरटीसाठी मिळते आणि अनेक संगणक असलेल्या ठिकाणी ती लावणे योग्य ठरेल. एकाच संगणकासाठी चांदाकरांचा मार्ग मला मान्य आहे.

घाटंजीकर
केक लावले. स्कॅन चढत असतानाही पिंग आता शंभर मिलिसेकंदांच्या आसपास राहतो आणि बाकीच्या संगणकांवर लॉगिनचे पान उघडते. फाइल पूर्ण चढायला पूर्वीपेक्षा किंचित जास्त वेळ लागतो, पण रांगेतल्या माणसाचे काम थांबत नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. उबुंटूचे संगणक मी पुन्हा क्यूबिकवर आणले आहेत.

एक गोष्ट उरली. रात्री केंद्रातील नोंदींची प्रत एका दूरच्या सर्व्हरवर जाते. त्या वेळी अँटेनावर काही अडथळा येत असावा, कारण फक्त तेव्हाच पॅकेट्स हरवतात आणि प्रत सकाळपर्यंत पूर्ण होत नाही. तेवढ्यासाठी बीबीआर लावता येईल का, बाकीच्या जोडण्यांना हात न लावता?

सूतगिरणी
येईल. कर्नेलच्या ४.० आवृत्तीपासून ही निवड मार्गानुसार करता येते. ज्या संगणकावरून प्रत जाते, त्यावर ‘आयपी राउट’ या मार्ग ठरवणाऱ्या आज्ञेने त्या सर्व्हरच्या पत्त्यासाठी वेगळी नोंद करा आणि शेवटी ‘कंजसीटीएल बीबीआर’ लिहा. त्या पत्त्याकडे उघडणाऱ्या नव्या जोडण्या बीबीआरने चालतील, बाकी सगळ्या क्यूबिकवर राहतील. आधीपासून उघडी असलेली जोडणी बदलत नाही, म्हणून प्रत घेणारा प्रोग्राम नव्याने सुरू करावा. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला की ही नोंद पुसली जाते, तेव्हा ती नेटप्लॅनच्या (उबुंटूतील नेटवर्कच्या मांडणीच्या) जोडीने चालणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि ‘टीसीपी_बीबीआर’ हे मॉड्यूल सुरुवातीलाच चढेल अशी व्यवस्था करा. पॅकेट्स मोजून मापून सोडण्यासाठी ४.१३ च्या आधीच्या कर्नेलवर ‘एफक्यू’ ही रांगपद्धत अनिवार्य होती, नंतर टीसीपी ते काम स्वतः करू शकते.

उमरखेडचा_शेतकरी
रात्री टॉवरवर इतरांची गर्दी कमी असते, त्यामुळे त्या वेळेपुरते बीबीआर लावायला माझी हरकत नाही. पण राउटरवरची केकची मर्यादा रात्रीही तशीच राहू द्या. बीबीआरची घाई मग आपल्याच राउटरमध्ये आवरली जाईल आणि उपकेंद्राच्या वाटणीला धक्का लागणार नाही.

घाटंजीकर
मर्यादा काढणार नाही. आज रात्रीची प्रत त्या नव्या नोंदीवर लावतो आणि ‘एसएस’मध्ये त्या जोडणीपुढे बीबीआर दिसते का, तसेच पुन्हा पाठवलेल्या पॅकेट्सचे प्रमाण किती येते, ते इथेच लिहितो.